बालीतील जातिलुवीह : पाण्याच्या करारावर वसलेले गाव

इंडोनेशियातील बाली बेटावर तबानान जिल्ह्याच्या पनेबेल तालुक्यात जातिलुवीह नावाचे एक गाव आहे. डोंगर उतारावरील भातखाचरांसाठी ते जगप्रसिद्ध झाले आहे. 2012 साली युनेस्कोने बालीतील ‘सुबाक’ या पाणीवाटप पद्धतीच्या प्रदेशाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. सुमारे 19,500 हेक्टरांच्या त्या क्षेत्रात जातिलुवीहची खाचरेही येतात. तेव्हापासून या गावी घर करू इच्छिणाऱ्यांची व उपाहारगृहे, विश्रामगृहे यांत भांडवल घालू इच्छिणाऱ्यांची रीघ वाढली आहे. अशा गावाची पाहणी करताना केवळ जमिनीचा भाव विचारणे पुरेसे नाही. तेथील जमिनीस मोल कशामुळे आले, हे प्रथम समजून घेणे अवश्य आहे.

स्थान, जमीन व हवामान

हे गाव बातुकारू पर्वताच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर आहे. देनपासार या राजधानीपासून ते सुमारे 50 किलोमीटर दूर आहे. बातुकारू हा 2,276 मीटर उंचीचा ज्वालामुखी पर्वत असून त्याच्या राखेपासून बनलेली जमीन सुपीक आहे. पर्वतावरील दाट अरण्यात पाऊस मुरतो व झऱ्यांच्या रूपाने खाली येतो. हवा थंड व दमट असते. गावच्या सुबाकाखाली सुमारे 300 हेक्टर भातजमीन असून बहुतेक खातेदारांचे क्षेत्र एक हेक्टरहूनही कमी आहे.

पिके

येथील तांबड्या तांदळाची मोठी ख्याती आहे. हा स्थानिक वाण उंच वाढणारा व दीर्घ मुदतीचा असून तो तयार होण्यास सुमारे सहा महिने लागतात. त्यानंतरच्या हंगामात कमी मुदतीचा पांढरा भात घेतात. कापणी झाल्यावर खाचरांत बदके सोडण्याची रीत बालीत सर्वत्र आहे. बदके सांडलेले दाणे व किडे वेचतात आणि जमिनीस खतही मिळते.

सुबाक म्हणजे काय ?

एका पाटावर भिजणाऱ्या खाचरांच्या सर्व शेतकऱ्यांचा संघ म्हणजे सुबाक. ही पद्धती नवव्या शतकापर्यंत मागे जाते. संघाच्या प्रमुखास ‘पेकासेह’ म्हणतात. संघाचे नियम ‘आविग-आविग’ या नावाने ओळखले जातात. पाट साफ करणे, बांध दुरुस्त करणे व देवालयातील विधी पार पाडणे ही सभासदांची सामुदायिक जबाबदारी असते. जातिलुवीहचा सुबाक सात पोटविभागांत वाटलेला असून प्रत्येक विभागास ‘तेंपेक’ म्हणतात.

पाण्याची वाटणी अगदी साध्या साधनाने होते. पाटात आडवा ओंडका बसवून त्यास सारख्या खोलीच्या खाचा पाडतात. ज्याचा हक्क अधिक त्याची खाच रुंद. पाट भरून वाहो वा पाणी ओसरो, वाटणीचे प्रमाण तेच राहते. कोणाच्या वाट्यास किती पाणी जाते ते सर्वांना उघड्या डोळ्यांनी दिसते. त्यामुळे वादास फारशी जागा उरत नाही.

वरचा शेतकरी पाणी का सोडतो ?

येथे एक प्रश्न सहजच उद्भवतो. पाटाच्या मुखाशी असलेल्या शेतकऱ्यास पाणी अडविता येत असता तो ते खालच्यास का सोडतो ? याचे उत्तर किडींत आहे. वरचा व खालचा शेतकरी निरनिराळ्या वेळी भात लावू लागले, तर तुडतुडे व उंदीर एका खाचरातून दुसऱ्यात जात वर्षभर पोसले जातात. सर्वांनी एकाच सुमारास लावणी व कापणी केली, तर कापणीनंतर साऱ्या उतारावर किडींना अन्न उरत नाही व त्यांची संख्या आपोआप घटते. मात्र खालच्या शेतकऱ्यास वेळेवर पाणी मिळाले, तरच तो वरच्याबरोबर लावणी करू शकतो. म्हणून वरच्याने पाणी द्यावयाचे आणि खालच्याने ठरलेला हंगाम पाळावयाचा, असा हा परस्परहिताचा करार आहे. जलदेवालयांतील सभांत व विधींच्या वेळापत्रकात तो दर हंगामी नव्याने पक्का होतो.

हा करार मोडल्यास काय होते याचाही अनुभव बालीने घेतला आहे. 1970 नंतरच्या दशकात तांदळाचे उत्पादन वाढविण्यासाठी सुधारित वाण, रासायनिक खते व कीटकनाशके यांचा प्रसार झाला आणि शक्य तितक्या वेळा भात लावण्याचा आग्रह धरण्यात आला. देवालयांचे वेळापत्रक मागे पडले. परिणामी पाण्याची ओढाताण सुरू झाली व तपकिरी तुडतुडे आणि टुंग्रो रोग यांनी पिकाची हानी केली. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग व पर्यावरणशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांनी पुढे संगणकाच्या साहाय्याने या पद्धतीचा अभ्यास केला. देवालयांनी जुळवून दिलेले वेळापत्रक पाणी व कीड या दोन्ही दृष्टींनी हितावह असल्याचे त्यांना आढळून आले. 1986 साली इंडोनेशिया सरकारने भातावर 57 कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली.

वस्ती करू इच्छिणारांसाठी

बालीच्या खेड्यात दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. एक सरकारी ग्रामप्रशासन व दुसरी रूढींवर चालणारी ग्रामसंस्था, म्हणजे ‘देसा आदात’. बाली प्रांताच्या 2019 च्या नियमानुसार मूळ सभासद, अन्य गावचे बालीनिवासी हिंदू व इतर आगंतुक असे रहिवाशांचे तीन वर्ग मानले जातात. नव्याने येणाऱ्याने आपला वर्ग कोणता व त्यासोबत कोणती कर्तव्ये येतात हे आधी विचारून घ्यावे. न्येपी हा बालीचा वर्षारंभाचा दिवस. त्या दिवशी दिवे लावीत नाहीत, कोणी घराबाहेर पडत नाही व विमानतळही बंद राहतो. हे वर्ष शकगणनेचे आहे. शालिवाहन शक मानणाऱ्या मराठी वाचकास ते परके वाटू नये.

भांडवल गुंतवू इच्छिणारांसाठी

इंडोनेशियाच्या 1960 च्या मूलभूत जमीन कायद्यानुसार जमिनीची पूर्ण मालकी व्यक्तींपैकी केवळ त्या देशाच्या नागरिकासच मिळते. तेथे राहणाऱ्या परदेशी व्यक्तीस ठराविक मुदतीचा वापरहक्क मिळू शकतो. परदेशी भांडवलाची, परंतु इंडोनेशियात स्थापन झालेली कंपनी इमारत बांधण्याचा मुदतबंद हक्क घेऊ शकते. 2021 च्या नियमांप्रमाणे अशा हक्काची पहिली मुदत जास्तीत जास्त 30 वर्षांची असते. स्थानिक माणसाच्या नावे जमीन घेऊन मागून व्यवहार चालविण्याचा मार्ग काही जण सुचवितात. तो धोक्याचा आहे. असा व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेला पैसाही परत मागता येत नाही. शिवाय, अन्नधान्याच्या शेतजमिनीच्या संरक्षणासाठी 2009 साली स्वतंत्र कायदा झाला असून संरक्षित क्षेत्रात बिगरशेती बांधकामास मनाई आहे.

कायद्यापेक्षाही मोठी गोष्ट हिशेबाची आहे. 2024 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने जातिलुवीहची उत्तम पर्यटन ग्रामांत गणना केली. प्रवासी येतात ते हिरवी खाचरे पाहण्यास. खाचरात इमारत उभी राहिली, की एक शेत जाते, पाटाची वाट अडते व खालच्या शेतांचे पाणी बिघडते. पुढे शेतकरी कंटाळून आणखी जमीन विकतो. अशा रीतीने ज्या देखाव्यावर विश्रामगृह चालावयाचे, तोच विश्रामगृहामुळे नष्ट होतो. म्हणून तांबड्या तांदळाची सडाई, वेष्टन व विक्री, अथवा असलेल्या घरांतच पाहुण्यांची सोय, असे शेतीस पूरक उद्योग तेथे अधिक टिकाऊ ठरतील. त्यांतही शेतकऱ्याचा वाटा आधी ठरविणे इष्ट होय.

आपल्याकरिता बोध

ही पद्धती आपणांस अगदीच अपरिचित नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवरील बंधाऱ्यांच्या आश्रयाने फड पद्धती शतकानुशतके चालत आली. तेथेही एका फडात एकच पीक घेतात, पाणी देण्यास पाटकरी असतो आणि पाटाची सफाई सर्व बागाईतदार मिळून करतात. जेथे अशी व्यवस्था शिल्लक आहे, तेथे तिचे नियम जाणत्या शेतकऱ्यांकडून लिहून घेणे हे ग्रामसेवकांचे काम आहे. शेतकरी बंधूंनीही पाटावरील जमीन विकण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे, की त्या तुकड्याबरोबर शेजाऱ्याच्या पाण्याचाही प्रश्न जोडलेला असतो. जमीन एकट्याची असू शकते; पाट मात्र सर्वांचा असतो.