मोठा बल्ब नको गं बाई!

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडई आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. माझं माहेर सावलीकडचं. त्यामुळे भाऊबीजेनंतर एक तरी नाटक बघायचंच, हा आमचा नेम. मागल्या वर्षीही गेलो. नाटक पहाटेपर्यंत चालतं; पण धाकटीला झोप आवरेना, म्हणून रात्री दोनलाच चंद्रपूरला परत निघालो.

मूल सोडलं, केळझर मागे पडलं. दोन्ही बाजूंना जंगल. ह्यांनी आठच दिवसांपूर्वी गाडीला १०० वॉटचे बल्ब बसवून घेतले होते, तेही माझ्याच आग्रहाने. रस्ता कसा दिवसासारखा दिसत होता! अन् अचानक प्लास्टिक जळाल्याचा वास आला. ‘‘अहो, वास येतोय का?’’ म्हणेपर्यंत पुढचे दोन्ही दिवे गेले.

ह्यांनी लगेच बटण बंद केलं, गाडी कडेला घेतली. या रस्त्यावर वाघ दिसणं काही नवलाचं नाही, त्यामुळे खाली उतरायची हिंमत नव्हती. मागे दोन्ही लेकरं झोपलेली. चारही इंडिकेटर लावून, काचा चढवून बसलो. बऱ्याच वेळाने एक ट्रक आला. देवाचं नाव घेत, त्याच्या लाल दिव्यांच्या मागे मागे कसंबसं घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी गाडीचं विजेचं काम करणाऱ्या एका जुन्या काकांना बोलावलं. त्यांनी बल्बमागचा वितळलेला होल्डर काढून माझ्या हातावर ठेवला. स्टिअरिंगजवळचं दिव्याचं बटणही आतून जळलं होतं. काका म्हणाले, ‘‘बल्ब काहून बदलवला ताई? तार तर जुनीच आहे ना!’’

मैत्रिणींनो, हे गणित आपल्या घरातलंच आहे. मोबाईलच्या चार्जरसाठी घेतलेल्या बारीक तारेच्या बोर्डावर आपण गिझर लावू का? गाडीत तेच झालं होतं. कंपनी बहुतेक हॅलोजन गाड्यांना ६०/५५ वॉटचा बल्ब देते. बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे ६० वॉटच्या एका बल्बला ५ अँपिअर, दोघांना १० अँपिअर वीज लागते. १०० वॉटचे दोन बल्ब लावले की तीच वीज १७ अँपिअरच्या घरात जाते. तारेतली उष्णता तर त्याहून वेगाने वाढते, जवळपास पावणेतीन पट! मग होल्डर वितळणार नाही तर काय? फ्यूज उडाला म्हणून काहीजण मोठा फ्यूज टाकतात. तो तर आगीला आवतणच.

‘‘पण काका, आधीचा उजेड खरंच कमी पडत होता हो,’’ मी म्हटलं. त्यावर त्यांनी मीटर लावून दाखवलं. इंजिन सुरू असताना बॅटरीवर १४ च्या जवळ व्होल्ट होते, पण बल्बपर्यंत पोचेस्तोवर १२ च उरत होते. लांबलचक बारीक तार, झिजलेलं बटण, गंजलेला अर्थ, सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लेलं. हॅलोजनचा स्वभाव असा, की व्होल्ट दहा टक्क्यांनी घटले तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे दोष बल्बाचा नव्हता, वाटेतल्या गळतीचा होता.

काकांनी उपाय केला तो रिलेचा. बॅटरीपासून नवी जाड तार, बॅटरीजवळच फ्यूज, मध्ये रिले आणि चिनी मातीचे होल्डर. जुनी तार आता फक्त रिलेला ‘लाव’, ‘विझव’ एवढंच सांगते. बल्बाचा भार नव्या तारेवर. कपलरने जोडायचा तयार सेट मिळतो, कंपनीची तार कापावी लागत नाही. बल्ब मात्र पुन्हा ६०/५५ चेच लावले. आणि खरं सांगते, उजेड स्वच्छ, पांढरा पडला! नव्या गाड्यांत रिले आधीच असतो किंवा दिवे कॉम्प्युटरवर चालतात. तिथे वॉरंटी बघून, सर्व्हिस सेंटरला विचारूनच हात लावावा.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. आपला उजेड वाढला की समोरच्याचे डोळे दिपतात. समोरून स्कूटीवर एखादी नर्स ड्युटी संपवून येत असेल, तिला कडेचा खड्डा दिसेल का? रस्त्यावर आलेलं चितळही झगमगाटात जागीच थिजतं. ताडोबाच्या वेशीबाहेरही वाघ फिरतात, गडचिरोलीत तर २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही आहेत. त्यांना वेळेत बघायचं, तर बल्ब वाढवण्यापेक्षा वेग कमी करणं जास्त कामाचं. साठच्या वेगात ब्रेक दाबून गाडी थांबेपर्यंत चाळीसेक मीटर जातातच.

हे आपल्यालाही जमेल :

* दिव्याची पिवळट काच आधी घासून-पॉलिश करून घ्या. खर्च थोडा, फरक मोठा.

* हॅलोजन बल्बच्या काचेला उघडं बोट लावू नका. हाताचा तेलकटपणा लागला की तो लवकर जातो. स्वच्छ फडक्याने धरा.

* हॅलोजनच्या घरात एलईडी किंवा झेनॉन बल्ब कोंबू नका. उजेड फाकतो, समोरच्याला त्रास होतो. कंपनीने दिलेल्या रचनेत मनमानी बदल मोटार वाहन कायद्यातही बसत नाही.

* सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावून डिपर बघा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीहून साधारण १० सेंटिमीटर खाली हवी.

* मागे माणसं-सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं. दिवा खाली करायचं चाक गाडीत असेल, तर ते वापरा.

यंदाही आम्ही नाटकाला जाणार आहोत. फक्त आता निघण्याआधी ह्यांचं पेट्रोल बघून झालं, की मी फडकं घेऊन दिव्यांच्या काचा पुसते. आणि नाटक? ते पहाटेपर्यंत बघायचं, उजाडल्यावरच निघायचं!