दौलताबाद पाहिलेला सहाराचा वाटसरू

टँजियरचा प्रवासी इब्न बतूता १३४२च्या सुमारास दिल्लीहून चीनकडे निघाला, तेव्हा वाटेत दौलताबादला आला. इथल्या देवगिरीच्या गडाबरोबर त्याने या मुलखातले रोजचे जगणेही टिपले: वर्षातून दोनदा फळणारी द्राक्षे-डाळिंबे, मराठ्यांच्या जेवणातला भात, भाजी आणि तिळाचे तेल, गायकांचा सजलेला बाजार. मला तर गडाच्या वर्णनापेक्षा हे तपशील मोलाचे वाटतात.

पुढे सुमारे दहा वर्षांनी, १३५२मध्ये, त्याने सहारा ओलांडला. वाळवंटाच्या उत्तर कडेच्या सिजिलमासाला उंट आणि त्यांच्यासाठी चार महिन्यांचा चारा विकत घेतला. पंचवीस दिवसांनी मिठाच्या खाणींचे तघाझा आले. तिथे घरेच काय, मशीदही मिठाच्या ठोकळ्यांची. छपरे उंटाच्या कातड्याची. पुढे पाण्याचा प्रश्न जिवावरचा होता. काफिला एका माणसाला आधीच वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या वलाताला धाडी, मग तिथले लोक पाणी घेऊन चार दिवसांची वाट सामोरे येत. तो माणूस वाळवंटातच दगावला, तर मागचा काफिलाही बहुधा वाचत नसे. आजच्या कॅरॅव्हॅनमध्ये टाकी भरून निघणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

परतल्यावर त्याने आठवणी सांगितल्या, इब्न जुझय्य या विद्वानाने लिहून घेतल्या. ग्रंथ १३५५मध्ये पुरा झाला. नंतर इब्न बतूता मोरोक्कोतच काझी म्हणून न्यायनिवाडा करत राहिला.