थंडीत सायकल, पण पायात काय?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी साडेसहाला मी कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर सायकल लावली आणि उतरताच मटकन खाली बसले. चक्करबिक्कर काही नव्हती. गुडघेच सरळ होईनात. वस्तीवरून स्टँडपर्यंत पाच किलोमीटर. अंगात स्वेटर, त्यावर दादाचं जॅकेट, डोक्याला स्कार्फ, हातात मोजे. कमरेच्या वर बघितलं तर मी काश्मीरला निघालेली. आणि कमरेच्या खाली? रोजचीच जीन्स.

समोरून एसटी निघून गेली. प्रॅक्टिकल बुडालं. संध्याकाळी घरी सायकल बंद करायची चर्चा सुरू झाली. अण्णा म्हणाले, ‘‘थंडीचे दोन महिने कुणाच्या तरी गाडीवर येत जा.’’ आता ‘कुणाच्या तरी’ म्हणजे नेमकं कुणाच्या, हे काही ठरेना. आमच्या वस्तीवरून त्या वेळेला निघतं कोण? दूधवाला. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन. ती पहिली एसटी चुकली की सकाळचे दोन तास गेलेच समजा. म्हणजे सायकल बंद झाली असती तर निम्मं कॉलेज बंद झालं असतं.

आजी तेवढं एकच बोलली. ‘‘वरून शाल अन् खालून हाल करायलीस तू.’’

तिथून मी या विषयाच्या मागे लागले. कारण आपण थंडीत सायकल चालवायची म्हटलं की स्वेटर, कानटोपी, मोजे यांचा विचार करतो. पायांचा विचारच करत नाही. पाय तर हलतातच की, गरम राहतील, असं वाटतं. मांड्या राहतातही गरम. गुडघा नाही राहत. हात लावून बघा, वाटीवर ना मांस ना चरबी, कातडीखाली थेट हाड. आणि सायकलवर बसलं की वारा सगळ्यात आधी तिथेच आदळतो. गार पडलेल्या सांध्यातलं वंगणही घट्ट होतं, म्हणून पहिली दहा मिनिटं गुडघा कुरकुरतो. त्यात आपण उशीर झाला म्हणून सुरुवातीलाच जोर लावतो.

‘आपल्याकडे कुठे एवढी थंडी पडते?’ असं पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात. त्यांना एकदा जानेवारीत गोदाकाठच्या उसाच्या रानातून सायकलवर पाठवायला पाहिजे. शेजारच्या परभणीत पारा पाच अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. आमच्याकडे आठ-दहा अंश म्हणजे थंडीच्या लाटेतली साधी सकाळ. त्यात सायकलचा स्वतःचा वारा. अमेरिका आणि कॅनडाची हवामान खाती २००१ पासून गार वाऱ्याचा हिशेब एका सूत्रानं करतात. ते सूत्र चेहऱ्याच्या उघड्या कातडीसाठी आहे, पण अंदाज येतो. हवा ८ अंश आणि सायकल ताशी १५ किलोमीटर घातली, तर उत्तर आलं साधारण साडेपाच अंश. कॅनॉलच्या बाजूनं जाताना समोरून वारा असेल तर त्याहून कमी.

आणि आपली खरी अडचण पुढेच आहे. सकाळी सहाला हुडहुडी, दुपारी बाराला ऊन चटके देतं. युरोपातला सायकलवाला दिवसभर गारच असतो, त्याचं बरंय. आपल्याला सकाळी पाय झाकायचेत आणि दुपारी त्याच कपड्यांत वर्गात बसायचंय. कपडे बदलायला सगळीकडे धड जागा असतेच असं नाही, मुलींसाठी तर नाहीच. म्हणून घालायला जितकं सोपं, तितकंच काढायलाही सोपं असलं पाहिजे. माझ्या मते खरेदी करताना पहिला प्रश्न हाच.

आता जीन्सबद्दल. राग मानू नका, कट्ट्यावर बसायला जीन्स झकास आहे. सायकलवर थंडीत मात्र ती दगा देते. कपडा ऊब देतो तो आत अडकलेल्या हवेमुळे. गुडघा वाकला की घट्ट जीन्स वाटीवर ताणून बसते, मग हवेला जागाच उरत नाही. शिवाय ती कॉटनची. उसाच्या कडेनं जाताना दव लागलं की पाणी धरून बसते आणि वाळायला दुपार करते. त्या दिवशी माझी जीन्स पोटरीपर्यंत ओली होती. वर बैठकीची जाड शिवण. रोज दहा किलोमीटर जाणाऱ्याला ती शिवण कुठे टोचते, ते सांगायची गरज नाही.

त्यामानानं शाळेच्या खेळाच्या ड्रेसमधली पॉलिस्टरची लोअर कितीतरी बरी. हलकी, लवकर वाळणारी. फक्त तिच्यातून वारा आरपार जातो. कापड घेताना मी आता एक सोपी परीक्षा करते. कापड तोंडासमोर धरायचं, पलीकडे तळहात ठेवायचा आणि जोरात फुंकर मारायची. हाताला फुंकर लागली की वाराही लागणार. दुकानदार आधी हसतात, मग स्वतःच फुंकून बघतात.

मग वारा अडवायचा कसा? सगळ्यात स्वस्त उपाय घरात खुंटीवर असतो. पावसाळ्यातली रेनकोटची पँट. लोअरवर ती चढवली की पहिल्या किलोमीटरलाच फरक कळतो. पण तिच्यात घाम साठतो. अर्ध्या तासाच्या आत पोहोचणार असाल तरच. लांब जायचं असेल तर थोडी ऊब आली की काढून ठेवायची, नाहीतर आतून भिजून पुन्हा थंडी वाजते.

आमच्या घरचा शोध वेगळाच. दादाचा शाळेतला स्वेटर उसवलेला पडला होता. आजीनं त्याच्या बाह्या खांद्यापासून कापल्या. रुंद तोंड मांडीकडे, मनगटाचं तोंड पोटरीकडे. झाले गुडघ्याचे मोजे! शहरातल्या खेळाच्या दुकानात असेच ‘नी वॉर्मर’ विकत मिळतात. शर्यतीतले सायकलपटू तर सतरा-अठरा अंशांनाही ते घालतात, आणि आपण आठ अंशांत उघडे. पहिल्या दिवशी आमच्या बाह्या अर्ध्या रस्त्यात घसरून घोट्यावर आल्या. गावातल्या टेलरमामांनी वरच्या तोंडाला इलॅस्टिक लावून दिलं, ते इतकं घट्ट की मांडीवर लाल वळ. दुसऱ्यांदा सैल करून घेतलं. आतल्या बाजूला दोन बोटं सहज जायला पाहिजेत. आता ढगळ लोअर किंवा सलवारीच्या आतून घालते. वर्गात बसायच्या आधी पाय वर दुमडायचा, बाही खाली ओढायची, सॅकमध्ये. अर्ध्या मिनिटाचं काम, कोपरासुद्धा शोधावा लागत नाही.

खूपच गारठा असला, म्हणजे पारा दहाच्या खाली, तेव्हा आत थर्मल. मी बाजारातून आतून मऊ लव असलेली लेगिंग घेतली, २८० रुपयांना. तीही पॉलिस्टरचीच बघून घ्या. नुसती कॉटनची लेगिंग घामानं ओली झाली की अंगाला गार चिकटून राहते. लोकरीचं तसं नाही, ती थोडी ओली असली तरी ऊब देते. म्हणून जुन्या स्वेटरला नावं ठेवू नका. आणि दोन घट्ट कपडे एकावर एक घालू नका. आतलं घट्ट, बाहेरचं सैल. पंधरा अंशांच्या पुढे हा सगळा पसारा लागत नाही, साधी लोअर आणि गुडघ्याचे मोजे पुरतात.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना एक सांगायचंय. तुम्ही पहाटे हाफ पँटवर पळता, ते ठीक. पळताना अंग तापलेलं असतं. पण नंतर घामेजलेल्या पायांनी तसेच सायकलवर बसून घरी जाता, ते चुकीचं. वारा लागून घाम गार होतो आणि तापलेले स्नायू आखडतात. एक कोरडी लोअर सायकलला अडकवून ठेवा. भरतीच्या आधी गुडघा गेला तर सोळाशे मीटर कोण पळणार?

आता मुलींचा प्रश्न. मराठवाड्यात माझ्यासारख्या कितीतरी जणींना सायकल मिळाली ती आठवीत, मानव विकास कार्यक्रमातून. सायकल मिळाली, पण तिच्यावर बसायचं ते सलवार-ओढणीच्या गणवेशात. ओढणी चाकात, सलवार चेनमध्ये. चेन कव्हर सहा महिन्यांत खडखडायला लागतं आणि मग कुणीतरी ते काढूनच टाकतं. मी दोनदा पडलेय. त्यावर लोअर घातली तर पारावरून ‘पोरगी कुठं निघाली पँट घालून?’ हे ऐकायचं, लेगिंग घातली तर त्याहून जास्त.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. १८९८ मध्ये इंग्लंडातल्या लेडी हार्बर्टन नावाच्या बाई सायकलवरून फिरताना सरे परगण्यातल्या एका हॉटेलात जेवायला थांबल्या. अंगात झग्याऐवजी सायकलसाठीची ढगळ चोळणा पँट. मालकिणीनं त्यांना कॉफी रूममध्ये बसू दिलं नाही, बारच्या खोलीकडे बोट दाखवलं. सायकलवाल्यांच्या क्लबनं कोर्टात केस लढवली. निकाल हॉटेलच्या बाजूनं लागला! बाई हरल्या. पण आज तसा झगा घालून सायकल चालवणारी एक तरी बाई दाखवा.

आणि आपली पुण्याची वेदांगी कुलकर्णी. २०१८ मध्ये, विशीतली पोर, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून जगाची फेरी करून आली. वाटेत उणे वीसपासून सदतीस अंशांपर्यंत हवा. तिच्यापुढे आपले पाच किलोमीटर म्हणजे काहीच नाहीत, मान्य. पण उणे विसात पायात काय घालायचं, हे तिनं पारावरच्यांना विचारून ठरवलं नसणार.

मी मधला मार्ग काढलाय. आत लेगिंग, वरून गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, बाजूच्या चिरा जरा जास्त ठेवलेला. पाय मोकळा फिरतो आणि पारही गप्प बसतो. हा तह आहे, मला माहितीय. ज्यांना सरळ लोअर घालून जायचंय त्यांनी जावं, मीही पुढच्या वर्षी जाणार आहे.

एक गोष्ट मात्र तहात बसत नाही. आमच्याकडे थंडी आणि उसाचा हंगाम एकाच वेळी येतो. जानेवारीत सूर्य उगवतो सातच्या सुमाराला, आणि सहा वाजता रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर सुरू झालेले असतात. वर टेपरेकॉर्डर मोठ्यानं लावलेला. धुकं असलं तर विचारूच नका. अशा वेळी आपली लोअर कुठल्या रंगाची? काळी. थर्मलही काळं. ड्रायव्हरला दिसायचं काय?

म्हणून नंबरप्लेटवाल्याकडून रेडियमची पट्टी आणली आणि वेल्क्रोवर चिकटवून दोन पट्टे केले. दोन्ही घोट्यांना एकेक. पाठीवर का नाही? पाठ स्थिर असते, घोटे वर-खाली होतात. अंधारात दोन ठिपके वर-खाली होताना दिसले की पुढे पायडल मारणारं माणूस आहे, हे ड्रायव्हरला लांबूनच कळतं. परदेशात यावर अभ्यासही झालाय. शिवाय उजव्या पायाचा पट्टा चेनपासून कपडा वाचवतो. आजोबा याच कामाला पायजम्याला लोखंडी क्लिप लावायचे. ती अजून देव्हाऱ्याच्या फळीवर आहे, गंजलेली.

या वर्षीची थंडी सुरू झाल्यापासून माझी एकही एसटी चुकलेली नाही. धाकटी आठवीत गेली, तिचीही सायकल आली. आल्या दिवशीच तिनं माझ्या बाह्यांवर हक्क सांगितला. मी दिल्या नाहीत. दादाचा दुसरा स्वेटर अजून धडधाकट आहे आणि तो रोज घालतो. धाकटीनं कात्री कुठे ठेवलीय, हे आजीला सोडून कुणालाच माहीत नाही.