भुशाची पेटी, मोटारीची लांबी

1980च्या सुमाराचं एखादं पॅक-मॅन मशीन कुणाच्या बेसमेंटमधून तुम्हाला स्वस्तात मिळालं, तर आधी स्क्रीन बघू नका. खाली वाका आणि तळाचे कोपरे बघा. बहुतेक वेळा ते बिस्किट चहात बुडवल्यासारखे फुगलेले असतात.

का? या पेट्यांना आपण 'लाकडी' म्हणतो खरं, पण अनेकदा ते असतं पार्टिकल बोर्ड. म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात कालवून, गरम करून, जोरात दाबलेला. पिझ्झाच्या दुकानात रोज फरशी पुसली जायची, बेसमेंटमध्ये पाणी शिरायचं. पाणी लागलं की दाबलेला चुरा पुन्हा फुलतो आणि डिंकाची पकड तुटते. नंतर कितीही वाळवा, बोर्ड मूळ जाडीवर येत नाही. म्हणून फुगलेला भाग दाबून बसवायचा नाही, काढूनच टाकायचा.

मग त्या जागी काय भरायचं? अमेरिकेत गॅरेजवाले सहज सांगतात, बॉन्डो. मोटारीचा पोचा भरायचा हा मसाला: पॉलिस्टर रेझिन आणि शंखजिऱ्याची पूड. (आपल्याकडे अशा भरण्याला 'लांबी भरणं' म्हणतात, आजोबांना विचारा.) त्यात लाल हार्डनर घालायचा, वजनाने साधारण 2 टक्के, आणि सगळीकडे एकसारखा गुलाबी रंग येईपर्यंत कालवायचं. ही रासायनिक क्रिया आहे, वाळणं नाही. मिश्रण गरम होतं आणि 4-5 मिनिटांत हाताबाहेर जातं. त्यामुळे थोडंथोडंच कालवा. हार्डनर जास्त घातला तर चमच्यावरच दगड होतो, कमी घातला तर चिकट राहतं.

गेलेला कोपरा नुसत्या मसाल्यावर टिकत नाही. तुटलेल्या कडेत दोन-तीन स्क्रू अर्धवट पिळून ठेवा, मसाला त्यांना धरतो. बाजूने पॅकिंग टेप लावलेली फळी क्लॅम्पने आवळली की साचा तयार. टेपला मसाला चिकटत नाही. कडक झालं की पॉलिश पेपर. कडेच्या प्लास्टिक पट्टीची खाच मात्र पुन्हा कापावी लागते, आणि तिथेच घाई केली की कोपरा परत तुटतो. वास येतो तो स्टायरीनचा. थंडीत गॅरेजचं दार बंद करून हे काम करू नका. मास्क गाळणीवाला हवा, कापडी नाही. घासतानाची धूळही तेवढीच वाईट.

इथे एक खरी अडचण आहे. म्युझियममधले जतनतज्ज्ञ शक्यतो असा पदार्थ वापरतात जो पुढे कुणाला काढता येईल. बॉन्डो विरघळवून काढता येत नाही, तो कापूनच काढावा लागतो. शिवाय घासताना आजूबाजूचा मूळ रंग जातो, आणि पॅक-मॅनच्या बाजूंवरची चित्रं स्टेन्सिल ठेवून रंगवलेली होती. नवं स्टिकर लावलं की तो थर कायमचा झाकला जातो. माझं मत विचाराल तर घरी खेळायच्या मशीनला खुशाल बॉन्डो वापरा, पण फक्त तळाच्या कोपऱ्यांना. चित्राला ओरखडे असतील तर ते राहू द्यात.

आणि भरण्याआधी कोपऱ्याची मापं घ्या, फोटो काढा, काय वापरलं ते तारखेसकट कागदावर लिहून मशीनच्या आत मागच्या दाराला चिकटवा.