मौन, संमती आणि म्हातारपणाची पुंजी

पोर्टलंडमधल्या एखाद्या छोट्या उपाहारगृहात भांडी घासायला लागलेल्या कामगाराला काही दिवसांनी एक सूचना येते. ३० दिवसांत त्याने नकार कळवला नाही, तर पगाराचे ५ टक्के कापून त्याच्याच नावाच्या निवृत्ती-बचत खात्यात जमा होऊ लागतात. पुढे हा दर वर्षाला एका टक्क्याने वाढत १० टक्क्यांपर्यंत जातो. ओरेगन राज्याने २०१७ साली सुरू केलेली ‘ओरेगनसेव्हज्’ ही योजना अशी चालते. कॅलिफोर्निया आणि इलिनॉय यांनीही हाच मार्ग धरला. ज्या मालकाची स्वतःची निवृत्ती योजना नाही, त्याला यात नाव नोंदवावेच लागते. म्हणजे सक्ती मालकावर आहे. कामगार केव्हाही बाहेर पडू शकतो.

या कल्पनेचे मूळ ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांच्या २००१ सालच्या अभ्यासात सापडते. एका मोठ्या अमेरिकी कंपनीत पूर्वी अर्ज भरून बचत योजनेत यावे लागे. कंपनीने उलटे केले: नको असेल त्याने अर्ज भरावा. नव्या कामगारांपैकी ८६ टक्के योजनेत राहिले; आधीच्या पद्धतीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपासच होते. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कंपनीने ठरवलेला आरंभीचा दर फक्त ३ टक्के होता, आणि बहुतेकजण तिथेच चिकटून राहिले. त्यांतल्या काहींनी एरवी, स्वतः अर्ज भरून, अधिक बचत केली असती. आळस दोन्ही बाजूंनी काम करतो.

मग मौनाला संमती मानावे का? ब्रिटनकडे पाहिले की उत्तर गुंतागुंतीचे होते. तिथे २०१२ पासून टप्प्याटप्प्याने अशीच नोंदणी सुरू झाली आणि छोट्या मालकांसाठी सरकारने ‘नेस्ट’ हा निधी उभारला. ठरावीक मर्यादेतील वेतनाच्या किमान ८ टक्के जमा होतात आणि त्यांतले किमान ३ मालकाचे असतात. बाहेर पडणारे तिथे साधारण दहात एक. ओरेगनमध्ये हे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त आहे. ओरेगनचा कामगार अधिक बेफिकीर आहे असे मुळीच नाही. तिथे मालक एक पैसाही घालत नाही. घातला तर ती १९७४ च्या संघीय कायद्याखालची मालकाची योजना ठरेल आणि राज्याच्या हातातून निसटेल. ब्रिटनमध्ये बाहेर पडणारा मालकाचे पैसे सोडतो. ओरेगनमध्ये बाहेर पडणाऱ्याला आपलेच पैसे आज हातात मिळतात. हा हिशेब कामगाराला नीट कळतो, असे मला वाटते.

आपल्याकडे वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत भविष्य निर्वाह निधी सक्तीचाच, आणि मालकाचा वाटाही सक्तीचा. त्या उंबरठ्याच्या अलीकडचे दुकान, गॅरेज, खानावळ मात्र बाहेर राहते. अमेरिकी राज्यांनी नेमके त्याच वर्गाकडे लक्ष दिले, हे त्यांचे श्रेय.

ओरेगनच्या खात्यात स्वतः भरलेले मुद्दल केव्हाही, कर किंवा दंड न भरता काढता येते, आणि बरेचजण काढतातही. कामाला जायची गाडी बंद पडली किंवा घरभाडे थकले, तर हाताशी तेवढेच असते. अशा कामगाराला खाते बंद करावे लागत नाही. पुढच्या पगारातून कपात पुन्हा चालू राहते.