बोरघाट आणि टेंडराचा कागद

पुण्याहून मुंबईस जाणारा प्रवासी खंडाळा सुटले की खिडकीशी सरसावतो. दरी दिसते न दिसते तोच बोगदा येतो. हा मार्ग कोणत्या कराराने बांधला गेला, हा विचार मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः नियोजन, टेंडर आणि कामावरील देखरेख या तीन गोष्टींचा धडा या घाटाइतका स्पष्ट क्वचितच मिळेल.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य इंजिनीयर जेम्स बर्कले यांच्या देखरेखीखाली सुमारे सोळा मैलांत १८३१ फूट चढणारा मार्ग आखला गेला. त्यात २५ बोगदे होते, ८ मोठे पूल होते, आणि काही ठिकाणी चढ ३७ फुटांस एक फूट असा होता. १८५५ साली हे काम विल्यम फेव्हिएल यास मिळाले. मुंबई-ठाणे या पहिल्या लोहमार्गाच्या कंत्राटातही तो होता. म्हणजे माणूस नवखा नव्हता. त्याने काम पोटकंत्राटदारांत वाटून दिले. पैसा वरून निघे, पण मजुराच्या हाती पडेपर्यंत त्याला अनेक वळणे घ्यावी लागत. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला आणि मार्चमध्ये फेव्हिएलने कंत्राट सोडले. पुढे १८६० साली अशा कामांवरील मजुरीचे तंटे लवकर मिटावेत म्हणून सरकारला कायदा करावा लागला.

नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्येच येथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने, काम टाकले नाही. अ‍ॅडमसन व क्लाउझर या दोघा जाणत्या इंजिनीयरांच्या हाती व्यवस्था देऊन तिने ते तडीस नेले. १८६१ च्या आरंभी घाटात ४२,००० हून अधिक माणसे खपत होती. १८६३ च्या एप्रिलमध्ये मार्ग खुला झाला.

आता यातील मर्म पाहू. टेंडरातील दरात चार गोष्टी असतात: माल, मजुरी, अवजारे आणि जोखीम. दगड-चुन्याचा भाव बाजार ठरवतो. मग फारच कमी दर भरणारा कात्री लावणार कोठे? बहुधा मजुरीला, नाही तर मालाच्या कसाला. म्हणून अंदाजपत्रकाहून बराच खाली उतरलेला दर पाहून हर्ष मानण्याऐवजी त्याची फोड मागावी, हे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट क्रमाची. घर बांधताना पाया भरत असतानाच सुतार चौकटी करू शकतो. छपराला मात्र भिंतींची वाट पाहावीच लागते. ज्या कामांच्या विलंबाने सारेच लांबते, त्यांची साखळी आधी शोधावयाची. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत या विचाराला गणिती रूप मिळाले. आपल्याकडे त्या साखळीत पावसाळा धरलाच पाहिजे. घाटात कामाचे वर्ष आठ महिन्यांचेच.

तिसरी गोष्ट मोजमापाची. झालेले काम मोजून वहीत चढवावे आणि मगच बिल द्यावे, हा नियम उत्तम. पण तो पुरेसा नाही. १८६७ च्या जुलैमध्ये याच घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. फूटपट्टी घनफूट सांगते. सांध्यातला चुना कसा आहे ते सांगत नाही. त्यासाठी काम चालू असताना तेथे उभे राहणारा डोळा लागतो.

आपल्या गावी शाळेची इमारत किंवा पाण्याची टाकी उभी राहत असेल, तर ‘किती स्वस्तात झाली?’ एवढेच विचारून थांबू नये. दराची फोड कोणी पाहिली, चुना-सिमेंट कालवताना कोण हजर होते, आणि या आठवड्याची मजुरी मजुरांच्या हाती पडली का, हेही विचारावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कामावरच्या कोणत्याही गवंड्याकडे मिळते.