एक मत, तीन पसंती

सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये निवडणुकीचं काम बघायला कुणालाही जाता येतं. जून २०१८मध्ये, मतदानानंतरच्या गुरुवारी, मीही गेले. एक कर्मचारी बाई पोस्टाने आलेल्या लिफाफ्यांवरच्या सह्या मतदारनोंदणीतल्या सह्यांशी ताडून बघत होत्या. एका सहीपाशी त्या थांबल्या. म्हाताऱ्या हाताची, थरथरती सही. त्यांनी स्क्रीनवर जुनी सही मोठी करून पाहिली, शेजारणीला दाखवली आणि मगच लिफाफा पुढे सरकवला.

महापौर एड ली १२ डिसेंबर २०१७ला अचानक वारले. त्यांची मुदत जानेवारी २०२०पर्यंतची होती. आपल्याकडे मुंबई-पुण्यात महापौर नगरसेवक निवडतात आणि कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांकडे असतात. तिथे महापौरच कारभारी, म्हणून उरलेल्या दीड वर्षासाठीही लोकांचा कौल घ्यायचा होता. शहराच्या अकरा सदस्यांच्या मंडळाच्या अध्यक्ष लंडन ब्रीड यांनी आधी काम पाहिलं. पण त्या स्वतः उमेदवार होत्या, तेव्हा जानेवारीत मंडळाने मार्क फॅरेल यांना हंगामी महापौर केलं.

मतपत्रिकेवर आठ उमेदवार आणि तीन रकाने. प्रत्येक नावासमोर मधोमध तुटलेला बाण. तो शाईने जोडायचा. पदवीधर मतदारसंघात आपणही पसंतीक्रम लिहितो, तसंच हे. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर सगळ्यात मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. मार्क लेनो आणि जेन किम या उमेदवारांनी तर आपल्या मतदारांना दुसरी पसंती एकमेकांना द्यायला सांगितलं होतं. ५ जूनच्या रात्री किम यांची बरीच मतं लेनोंकडे वळली आणि लेनो किंचित पुढे गेले.

पण हजारो लिफाफे उघडायचे राहिले होते. मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेलं आणि तीन दिवसांत पोहोचलेलं पाकीट मोजायचंच, हा तेव्हाचा नियम होता. रोज नवे आकडे येत आणि ब्रीड वर सरकत गेल्या. १३ जूनला लेनोंनी पराभव मान्य केला. अडीच लाखांच्या मतदानात फरक जेमतेम अडीच हजारांचा!

एवढे दिवस कशाला लागतात, असं माझे ओळखीचे लोक वैतागून विचारत. त्यांना मी ती थरथरती सही सांगायचे. तिच्यासाठी कुणीतरी मिनिटभर थांबलं, त्या मिनिटांचेच हे दिवस झाले होते.

लंडन ब्रीड यांनी ११ जुलैला शपथ घेतली. त्या शहराच्या महापौरपदी निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.